दुसऱ्या परीक्षकाचा चहा

"लिही," सर म्हणाले. "हा शोधनिबंध म्हणजे शुद्ध कचरा आहे."

बाईंनी दोन बोटांनी टाइप केलं : 'या शोधनिबंधात आवराआवरीला बराच वाव आहे.'

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"पुढे. लेखकाला आकडेमोडीचा गंध नाही. एवढी बेरीज आमच्या प्रयोगशाळेतल्या उंदरालाही जमली असती."

'आकडेमोड पुन्हा एकदा तपासून पाहावी. लेखकाला ते सहज जमेल.'

"उंदीर आला का?"

"मुद्दा आला," बाई म्हणाल्या. बाई खोटं बोलत नसत.

सर म्हणजे पोषणशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि बाई म्हणजे त्यांची पत्नी. त्या बालवाडीच्या शिक्षिका होत्या, म्हणून अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणे. सरांना निवृत्तीनंतर एकच काम उरलं होतं आणि ते त्यांना प्राणाहून प्रिय होतं. मानवी पोषणाच्या संशोधनाला वाहिलेल्या एका नामांकित नियतकालिकाचे ते परीक्षक होते. या नियतकालिकात काहीही छापून येण्याआधी दोन जाणकार ते तपासत. लेखकाचं नाव परीक्षकांना कळू द्यायचं नाही आणि परीक्षकांचं लेखकाला, असा तिथला कडक शिरस्ता. लेखकाच्या हाती पडायचे ते फक्त 'पहिला परीक्षक' आणि 'दुसरा परीक्षक' यांचे अभिप्राय. सर बहुतेक वेळा दुसरे असत.

डोळ्यांनी दगा दिल्यापासून सरांना पडद्यावरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसत. तेव्हापासून बाई निबंध मोठ्याने वाचून दाखवायच्या, सर खोलीत येरझाऱ्या घालत अभिप्राय सांगायचे आणि बाई टाइप करायच्या. "या खोलीतलं अक्षरही बाहेर जाता कामा नये," असं सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यामुळे घरात बाकी कुणाला, म्हणजे मुलाला आणि सुनेला, सर नेमकं कुणाचं काय तपासतात याचा पत्ता नसे. नियम बाईंनी तंतोतंत पाळला. अक्षरं बाहेर गेली नाहीत. फक्त नियतकालिकाकडे गेली ती थोडी वेगळी गेली.

त्यात बाईंचा तरी काय दोष? त्यांचा सगळा जन्म लहान मुलांच्या प्रगतिपुस्तकात शेरे लिहिण्यात गेला होता. ज्या पोराने वर्षभर डिंक खाण्यापलीकडे काही केलं नाही, त्याच्याही पुस्तकात 'प्रयत्न चांगला आहे. सातत्य ठेवावे' असं लिहायची बोटांना सवय. सरांनी 'कचरा' म्हटलं की ती बोटं आपोआप दुसऱ्या अक्षरांकडे वळत. मुद्दा मात्र त्यांनी कधी गाळला नाही. सरांनी सात चुका काढल्या तर सातही जायच्या, आंघोळ घालून, भांग पाडून.

आणि गंमत अशी, की लेखक आभार मानत. नियतकालिकाच्या संपादिका ते निरोप सरांकडे पाठवत आणि बाई ते वाचून दाखवत. एकदा सरांनी सांगितलं होतं, "लेखकाने संशोधन सोडून शिवणकाम शिकावं." बाईंनी एक क्षण थांबून टाइप केलं होतं, 'पुराव्यांचे टाके अजून घट्ट घालावेत. कापड उत्तम आहे.' त्या लेखिकेचा निरोप आला : मी हे क्षेत्र सोडायच्या विचारात होते, आता सोडणार नाही, दुसऱ्या परीक्षकांचे आभार कसे मानू कळत नाही.

सरांची छाती फुगली. "बघितलंस? झापल्याशिवाय माणूस सुधारत नाही. मी तिला शिवणकाम शिकायला सांगितलं आणि ती आभार मानतेय. याला म्हणतात वचक!"

"हो ना," म्हणत बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे ओट्याशी उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसल्या.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग तो निबंध आला.

नेहमीप्रमाणे बाईंनी वाचायला सुरुवात केली. एकटी राहणारी म्हातारी माणसं समोर कुणी जेवायला बसलं की जास्त जेवतात का, असा विषय होता. बाईंना विषय गोड वाटला. पहिलं पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्या पानावर वाक्य होतं : 'एका सहभागी आजोबांनी निरीक्षक जेवल्याखेरीज स्वतः घास घेण्यास नकार दिल्याने त्या दिवशीची नोंद वगळण्यात आली.'

बाई वाचता वाचता थांबल्या.

हे आजोबा त्यांच्या चांगल्या ओळखीचे होते. म्हणजे प्रत्यक्ष नव्हे. सुनेने स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता त्यांची गोष्ट सांगितली होती. "आई, काय सांगू, आजोबा चमचा खाली ठेवून बसले! म्हणाले, पोरी तू उपाशी आणि मी जेवू? मला जेवावंच लागलं. माझी नोंद गेली आणि वर पोट दुखलं."

निबंध सुनेचा होता.

सून एका संस्थेत पोषणशास्त्राचीच संशोधक होती. मग सरांना तिचा विषय ठाऊक कसा नव्हता? त्यालाही बाईच कारणीभूत. लग्न होऊन सून घरात आली त्याच आठवड्यात अंड्याच्या पिवळ्या बलकावरून सासरे-सुनेत अशी काही जुंपली, की अंडी दगडासारखी गार झाली आणि दातांचा डॉक्टर असलेला मुलगा उपाशी दवाखान्यात गेला. दोघंही विद्वान, दोघंही आपला हेका न सोडणारे. त्या दिवशी बाईंनी फतवा काढला : या घरात पोषणावर बोलायचं नाही. खायचं. तेव्हापासून सर जेवताना नियतकालिकाचा अंक नाकासमोर धरून बसत. अक्षरं दिसत नसली तरी अंक धरत. आणि सून जे काही बोलायची ते बाईंशी, ओट्यापाशी. सरांची समजूत होती की ती लोहाच्या गोळ्यांवर काहीतरी करते. संपादिकेलाही नातं कळायला मार्ग नव्हता, कारण सुनेने माहेरचं आडनाव ठेवलं होतं.

"थांबलीस का?" सरांनी विचारलं.

"घसा कोरडा पडला."

सुनेची नोकरी हंगामी होती. तिला कायम करायचं की नाही हे ठरवणारी समिती लवकरच बसायची होती आणि या नियतकालिकाने निबंध स्वीकारला असेल तरच तिचा विचार होणार होता. सरांना सांगावं, तर सर एक नंबरचे तत्त्वनिष्ठ. तिथल्या तिथे निबंध परत पाठवतील. मग नवा परीक्षक शोधा, त्याच्या मिनतवाऱ्या करा, तोवर समिती बसून उठूनही जायची. सुनेला सांगावं, तर तीही त्याच मातीची. स्वतःच निबंध मागे घेईल. बाई मूग गिळून गप्प बसल्या आणि पुढे वाचत राहिल्या.

वाचून झालं. सरांनी येरझाऱ्या सुरू केल्या.

"लिही. निबंधाची मांडणी ढिसाळ आहे."

बाईंची बोटं सवयीने 'मांडणीत अजून' इथपर्यंत गेली आणि थबकली. आजवर परक्यांच्या लेकरांना त्यांनी बिनधास्त गोंजारलं होतं. पण हे घरचं. घरच्या मुलीला गोंजारलं तर तो वशिला झाला. उद्या हे बाहेर आलं, तर सासूने हात मारला म्हणून तिच्या खऱ्या कामाचीही माती होईल. नाही. या खेपेला एक अक्षरही बदलायचं नाही. सर बोलतील ते आणि तेवढंच.

बाईंनी 'मांडणीत अजून' पुसून टाकलं आणि टाइप केलं : 'निबंधाची मांडणी ढिसाळ आहे.' जन्मात पहिल्यांदाच इतकं कडू वाक्य त्यांच्या बोटांतून उतरलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी मन घट्ट केलं, विचार करणंच बंद केलं आणि सरांच्या तोंडून जे बाहेर पडेल ते यंत्रासारखं उतरवत राहिल्या.

"मुद्दे सगळे आले?" शेवटी सरांनी विचारलं.

"सगळे," बाई म्हणाल्या. "या वेळी तर सगळंच आलं."

संपादिकेचा सरांवर फार विश्वास. इतरांचे अभिप्राय त्या चाळणीतून गाळून घेत, लेखकाला झोंबेल असं काही असलं तर काढून टाकत. सरांच्या अभिप्रायाला चाळणी लावायची गरजच कधी पडली नव्हती. तो आला की न वाचता पुढे जायचा. तसाच तोही गेला.

आठवड्याभराने एका संध्याकाळी सून जेवायला बसली ती सुजलेल्या डोळ्यांनी. बाईंनी सगळ्यांना सूप वाढलं. सर अंकामागे होते. मुलगा पावाचा तुकडा मोडत होता.

"आई," सून म्हणाली, "आज मी तुमचा नियम मोडणार आहे."

"मोड," बाई क्षीण आवाजात म्हणाल्या.

"माझ्या निबंधाचे अभिप्राय आले. पहिला परीक्षक चांगला आहे. पण दुसरा!" तिने फोन काढला. "हा माणूस आहे की कोण? ऐका. 'निबंधाची मांडणी ढिसाळ आहे. लेखकाने हा निबंध बहुधा जेवताना लिहिला असावा.'"

सरांनी अंक खाली ठेवला. सुनेशी त्यांचं पटत नसे, पण रडणारी सून त्यांना बघवेना. आणि घरच्या माणसाला बाहेरच्याने बोलावं म्हणजे काय?

"कोण हा शहाणा?" सर कडाडले. "ही काय बोलायची रीत झाली? टीका करावी, पण भाषा? भाषेला काही संस्कार?"

"तेच म्हणते मी, बाबा!" सुनेला पहिल्यांदाच सासऱ्यांत मित्र दिसला. "पुढे ऐका. 'सोबतीच्या गटाला ताटात वाढून दिलं, एकट्यांना डबा दिला. मग माणसं जास्त जेवली ती सोबतीमुळे की अन्न गरम होतं म्हणून? एवढा साधा प्रश्न पडू नये म्हणजे कमाल आहे.'"

"प्रश्न वाईट नाही," सर घुटमळत म्हणाले. "पण तो विचारायची पद्धत! अशा माणसाला परीक्षक करतातच कसे? मी संपादकांना चार खडे बोल सुनावीन. आमच्या वेळी..."

"थांबा, खरी कमाल पुढे आहे. 'आमच्या प्रयोगशाळेतले उंदीरसुद्धा याहून शिस्तीत जेवायचे.'"

सरांचं तोंड उघडं राहिलं. त्यांच्या हातातला चमचा सुपाच्या वर अधांतरी थांबला. 'उंदीर' हा शब्द त्यांना कुठेतरी भेटल्यासारखा वाटला.

"आणि हा पाचवा मुद्दा तर मला कळलाच नाही," सून नाक पुसत म्हणाली. "मी दिवसभर विचार करतेय, सगळ्या विभागाला दाखवला. आमचे प्रमुख म्हणाले, यात काहीतरी सखोल अर्थ असणार. 'गरम आणि गार अन्नाच्या नोंदी वेगवेगळ्या द्याव्यात. हा चहा गार झालाय. या घरात माझ्याकडे कुणाचं लक्ष आहे का? अगं, आणि ती खिडकी लाव, मानेवर वारा येतोय.'"

मुलगा पावाचा घास गालात ठेवून वडिलांकडे बघू लागला. सुनेनेही मान वळवली. तिला हे वाक्य दिवसभर ओळखीचं वाटत होतं ते का, हे आता कळलं. लग्न झाल्यापासून दर सुट्टीच्या दुपारी भिंतीपलीकडून तिने ते ऐकलं होतं. तिची नजर सरांच्या मागे असलेल्या खिडकीकडे गेली, तिथून सरांकडे, सरांकडून बाईंकडे. बाई सुपाच्या पातेल्यात इतक्या वाकून बघत होत्या, की जणू काही तिथेच उत्तर होतं.

"बाबा," सून म्हणाली, "तुम्ही?"

"मी," सर म्हणाले. आयुष्यभर पोरांची ततपप ऐकलेला हा माणूस आज स्वतःच ततपप करू लागला. "म्हणजे... लोहाच्या गोळ्या... तू तर लोहावर..."

"लोह कुठलं? मी तीन वर्षं म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन बसतेय!"

"मला कुणी सांगितलं?"

"विचारलं कधी?"

मुलाने घास गिळला. "मी काही बोलू का?"

"नको," तिघंही एकदम म्हणाले.

सर बाईंकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"तिसऱ्या पानापासून," बाईंनी कबूल केलं. "त्या आजोबांवरून ओळखलं. सांगितलं असतं तर तुम्ही निबंध परत पाठवला असता. मग हिची समिती, हिची नोकरी... म्हणून नाही बोलले. पण वशिला नको म्हणून तुमचा एक शब्दही बदलला नाही हो. चहासुद्धा ठेवला."

यातलं 'बदलला नाही' सरांच्या लक्षात यायला हवं होतं. पण ते तेव्हा वेगळ्याच विचारात होते. त्यांचा चेहरा पडला होता. "हा अभिप्राय बाद झाला," ते म्हणाले. "घरच्या माणसाचं काम मी तपासलं. मला कळवावंच लागेल. पण कळवलं तर..."

ते सुनेकडे बघू शकेनात. त्यांनी कळवलं की नवा परीक्षक, नवी वाट बघणं, आणि तीन वर्षं दारोदार जाऊन केलेलं काम समितीपुढे नुसते कागद म्हणून पडायचं. सगळ्यांना ते समजत होतं. बाईंना तर रडूच कोसळलं, कारण हे टाळायलाच त्या गप्प बसल्या होत्या आणि गप्प बसल्याने ते जास्तच अंगाशी आलं होतं.

सुनेने फोन टेबलावर पालथा ठेवला. "कळवा, बाबा. आत्ताच फोन लावा. असा आतल्या आत तपासलेला निबंध मलाही नकोय."

सरांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मग खाकरून म्हणाले, "अगं, नंबर लावून दे."

सरांना बटणं दिसत नसत, म्हणून बाईंनी फोन लावून त्याचा आवाज मोठा केला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. गार चहा टाइप केल्यानंतरची ही त्यांची दुसरी चूक.

"सर!" संपादिकेचा आवाज आला. "मीच तुम्हाला फोन करणार होते. तुमची तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"नाही, तुमचा अभिप्राय मी आत्ता वाचला. मला वाटलं, ताप-बिप आहे की काय. तुमच्याकडून असं... म्हणजे आमच्या कार्यालयात सगळे तुमच्या गोड भाषेचे किती चाहते आहेत! नवीन परीक्षकांना आम्ही तुमचे जुने अभिप्राय नमुना म्हणून देतो. 'लेखकाला ते सहज जमेल.' 'कापड उत्तम आहे.' असं कोण लिहितं हो आजकाल?"

"कापड?" सर म्हणाले. "कसलं कापड?"

बाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि उगाचच पुन्हा काढलं.

"तुमची विनम्रता, दुसरं काय!" संपादिका म्हणाल्या. "बरं, काय म्हणत होतात?"

सरांनी स्वतःला सावरलं आणि जे सांगायचं ते सरळ सांगितलं. लेखिका माझी सून आहे, मला आत्ताच कळलं, माझा अभिप्राय फाडून टाका. संपादिका म्हणाल्या, "सांगितलंत हे फार बरं केलंत. नवा परीक्षक शोधावा लागेल. वेळेचं वचन देत नाही. एक जण डोक्यात आहे, विचारून बघते."

फोन बंद झाला.

"कसलं कापड?" सरांनी पुन्हा विचारलं, या वेळी बाईंना.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. बाईंनी सगळं सांगितलं. कचऱ्याची आवराआवर कशी झाली, शिवणकामाचे टाके कसे झाले, सगळं. सर ऐकत होते. त्यांच्या अंगाचा तिळपापड होणार असं मुलाला वाटलं आणि त्याने काचेचा तांब्या हळूच बाजूला सरकवला.

"म्हणजे इतकी वर्षं माझ्या नावावर तू तुझंच दामटत होतीस?"

"मुद्दे तुमचेच होते," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "इस्त्री तेवढी माझी."

सर उठून खोलीत गेले. सूप तसंच राहिलं.

मग सुनेने बाईंच्या पाठीवर हात ठेवला. "आई, एक सांगू? दुपारभर मी त्याला शिव्या देत होते, पण तो गरम-गारचा प्रश्न डोक्यातून जाईना. त्यांचं बरोबर आहे, हाच तर त्रास आहे! काही घरी डबाही गरम पोचायचा. त्या नोंदी आहेत माझ्याकडे. वेगळ्या काढून बघते."

तिने त्या काढून बघितल्या. डबा गरम पोचला तरी एकटी म्हातारी माणसं कमीच जेवत होती आणि समोर कुणी बसलं की जास्त. निबंध पहिल्यापेक्षा कितीतरी बळकट झाला. सुधारलेला निबंध तिने पाठवला आणि घरात सगळे फोनकडे बघत बसले. सर तर जास्तच. त्यांनी बाईंशी अबोला धरला होता, पण तो धड जमत नव्हता, कारण वाचून दाखवायला त्याच लागत. शेवटी एके दुपारी ते म्हणाले, "ते आभाराचे निरोप... ते सगळे पुन्हा एकदा वाच."

बाईंनी वाचले. सर खुर्चीत डोळे मिटून ऐकत राहिले. क्षेत्र सोडणार होते, आता सोडणार नाही. एवढ्या मायेने कुणी चुका दाखवल्या नव्हत्या. तुमचा अभिप्राय मी भिंतीवर लावला आहे. एकेका निरोपागणिक सरांचा वचक थोडा थोडा गळून पडत होता. त्यांना वाईट वाटत होतं आणि कुणास ठाऊक कसं, बरंही वाटत होतं.

"आणि मी यांना घाबरवलं म्हणून ते सुधारले, असं समजत होतो," ते म्हणाले.

"चुका तुम्हीच दाखवल्यात ना," बाई म्हणाल्या. "मला कुठे कळतंय त्यातलं?"

सर म्हणाले, "चहा गार झाला तरी चालेल. बस जरा इथे."

समिती बसायच्या आदल्या दिवशी सुनेचा फोन वाजला. ती दारातूनच ओरडत आत आली, एका पायात चप्पल तशीच.

"स्वीकारला! आई, बाबा, स्वीकारला! नव्या परीक्षकाने इतक्या झटपट अभिप्राय दिला की संपादिकाही चकित झाल्या. त्या म्हणाल्या, नाव सांगणार नाही, पण ती व्यक्ती म्हणाली, मी धडपडत होते तेव्हा कुणीतरी असाच वेळ काढून माझं वाचलं होतं. थांबा, शेवटची ओळ वाचते." तिने श्वास घेतला. "'नव्या नोंदींमुळे पुराव्यांचे टाके घट्ट बसले आहेत. कापड तर पहिल्यापासूनच उत्तम होतं.' किती छान लिहिलंय ना?"

सरांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी सरांकडे. आनंदाच्या भरात सुनेला आधी काही उमगेना, पण सासरे डोळे पुसतायत आणि सासू पदर तोंडाला लावून हसतेय एवढं तिला दिसलं. मग तिला बाईंनी त्या दिवशी सांगितलेले टाके आठवले, आणि मग तिने सासूला जी मिठी मारली, ती सोडवायला मुलाला यावं लागलं.

समितीने सुनेला कायम केलं. त्या संध्याकाळी चौघं जेवायला बसले. निबंधाच्या शेवटी आभाराची जागा असते, तिथे काय लिहावं यावर सुनेची चर्चा चालली होती. सगळ्या आजी-आजोबांचे आभार झाले, तिला उपाशी ठेवून न जेवणाऱ्या आजोबांचे खास झाले.

"आणि आईंचे," सून म्हणाली.

"अजिबात नाही," सर म्हणाले. "परीक्षकाच्या घरचं गुपित छापतात का? आणि घरच्यांचे आभार घरातच मानायचे असतात. टेबलावर."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की तिघंही आपल्याकडे बघतायत. लपायला अंक शोधावा म्हणून त्यांनी हात पुढे केला, तर अंक बाईंनी केव्हाच कपाटावर ठेवून दिला होता. आता सुटका नव्हती.

"सूप..." सरांनी सुरुवात केली. "म्हणजे मीठ प्रमाणात आहे. तापमान योग्य. आणि गेली कित्येक वर्षं तू हे जे... वाचणं, टाइप करणं, आणि ती इस्त्री... माझ्याबद्दल लोकांना जे चांगलं वाटतं ते बहुतेक... म्हणजे मला म्हणायचंय, आभार."

एवढं बोलून सरांना घाम फुटला. त्यांनी घाईने सुपाचा मोठा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली.

बाईंनी त्यांच्याकडे शांतपणे बघितलं. मग त्यांच्या वाटीत आणखी एक पळी सूप वाढत त्या म्हणाल्या, "प्रयत्न चांगला आहे. सातत्य ठेवावे."